शेतसाऱ्याची माहिती

सारा बसविणें हें मुळांत माहितीचें काम आहे. जमीन कोणाची, किती आणि कशी, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें बसविलेला सारा एक तर सरकारास बुडवितो किंवा रयतेस. १८१८ सालीं पेशवाई बुडून दख्खन इंग्रजांच्या हातीं आली, तेव्हां ही माहिती बव्हंशीं गांवोगांवच्या कुळकर्ण्यांच्या बस्त्यांत होती. आणि तो बस्ता कुळकर्ण्यावांचून इतरांस क्वचितच उलगडे.

हा गुंता सोडविण्याचें काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे आलें. हा हेलीबरीस माल्थसच्या हाताखालीं शिकलेला. पिकाच्या किंमतींतून लागवडीचा सगळा खर्च वजा जातां जें उरेल त्याचे शेंकडा ५५ सरकारचे, असें सूत्र त्यानें धरलें, आणि १८२७ पासून बैल, बीं, मजुरी यांचे तपशील गोळा करण्यास आरंभ केला. कागदावर याहून न्याय्य पद्धति आम्हांस तरी सुचत नाहीं. पण हे आंकडे आणणार कोण? हाताखालचे कारकून. त्यांनीं कांहीं अंदाजानें लिहिले, कांहीं पैसे खाऊन लिहिले. आणि ते ताडून पाहण्याची सोयच नव्हती, कारण निव्वळ उत्पन्न ही वस्तु बांधावर उभें राहून कोणास दिसत नाहीं. त्यांत धान्याचे भाव उतरलेले. सारा झेपेना तेव्हां शेंकडों लोक घरेंदारें टाकून शेजारच्या संस्थानांत निघून गेले. इंदापूर तालुक्यांत रानेंच्या रानें ओस पडलीं.

१८३५ सालीं गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट त्याच इंदापुरांत आले, आणि त्यांनीं प्रिंगलचें सूत्रच सोडून दिलें. त्यांच्या पद्धतींत विचारावयाचें तें एवढेंच : माती कोणत्या जातीची, आणि किती खोल? पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत खोलीच्या पायऱ्या केल्या. चुनखड, वाळू, उतार, पाणथळपणा असल्यास प्रत उतरावयाची. सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत अशा नऊ प्रती झाल्या. कारकुनानें खोटें लिहिलें तर पहार मागवावी आणि खणून पाहावें. तें पाहण्यास रयतही जवळच उभी! शेतास नंबर मिळाला, हद्दीस दगड लागले, आणि आकार ३० वर्षें कायम झाला. ओस रानें पुन्हां नांगराखालीं आलीं.

पुढची गोष्ट या पद्धतीचे स्तुतिपाठक जरा घाईनें सांगतात. प्रत ठरली तरी दर ठरावयाचा राहतोच. सोळा आणे म्हणजे रुपये किती, हें पहारीनें कळत नाहीं. हवापाणी, बाजारपेठ, मागील वसूल पाहून साहेबलोक तो बसवीत, म्हणजे अखेर अजमासानेंच. पहिला दर हलका होता, म्हणून हें वैगुण्य झांकून गेलें. तीस वर्षांची मुदत सरल्यावर नवी आकारणी झाली ती भाव चढलेल्या दिवसांतली. भाव पुढें उतरले, आकार मात्र चढलेलाच राहिला. १८७४ सालीं सरकारास स्वतःच्याच वाढीस मर्यादा घालावी लागली : तालुक्यास शेंकडा ३३, एका गांवास ६६, एका खातेदारास १००. म्हणजे मर्यादा पाळूनही एखाद्याचा सारा दुप्पट होऊं शके, आणि त्याच्या शेतांत पहार मारली तर माती मात्र पूर्वीइतकीच खोल लागे.