एका हाताचा पियानो

पहिल्या महायुद्धाचा इतिहास म्हटला की तह, तारखा आणि मृतांचे आकडे डोळ्यांसमोर येतात. वर्गात आम्ही शिक्षकही तेच शिकवतो. पण युद्ध माणसाकडून काय हिरावून घेते आणि काय हिरावू शकत नाही, हे एखाद्या संगीतरचनेतूनही समजते. फ्रेंच संगीतकार मॉरिस रॅव्हेल यांनी १९२९-३० मध्ये केवळ डाव्या हातासाठी लिहिलेला पियानो कॉन्चेर्टो ही अशीच एक रचना. कॉन्चेर्टो म्हणजे एकटा वादक आणि भरगच्च वाद्यवृंद यांच्यातले सवाल-जवाब.

ही रचना लिहून घेणारे पॉल विट्गेनश्टाइन हे व्हिएन्नाचे पियानोवादक, तत्त्वज्ञ लुडविग यांचे थोरले भाऊ. १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेतून रशियन आघाडीवर लढताना ते जखमी झाले आणि त्यांचा उजवा हात कापावा लागला. सायबेरियातील ओम्स्कच्या कैदेतही या जिद्दी माणसाने लाकडी खोक्यावर डाव्या हाताचा सराव चालू ठेवला. सुटकेनंतर त्यांनी नामवंत संगीतकारांकडून एका हातासाठी रचना लिहून घेतल्या.

रॅव्हेल तर शत्रुपक्षाचे! १९१६ मध्ये ते व्हर्दंच्या आघाडीवर लष्करी ट्रक चालवत होते. त्याच वर्षी, जर्मनी-ऑस्ट्रियाचे समकालीन संगीत फ्रान्समध्ये वाजू नये म्हणून स्थापन झालेल्या संघटनेत सामील व्हायला त्यांनी नकार दिला. देशासाठी जीव धोक्यात घालणारा हा माणूस सुरांना शत्रू मानायला तयार नव्हता. आमच्या मते या रचनेचे बीज तिथेच आहे.

कॉन्चेर्टोची सुरुवात अंधारातून होते. खर्जातली तंतुवाद्ये घुमतात, त्यांतून काँट्राबसून हे सुषिर वाद्य वर येते. वाद्यवृंद चढत जातो आणि मग पियानो एकटाच बोलू लागतो. अंगठा धून गातो, उरलेली बोटे साथ देतात. डोळे मिटून ऐकणाऱ्याला हात एकच आहे हे खरे वाटणार नाही. पुढे लष्करी कूच आणि जॅझ एकमेकांत मिसळतात. शेवटी पियानोचे दीर्घ एकल वादन येते आणि रचना एका झटक्यात संपते. यात दयेची याचना कुठेही नाही.

५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. वादकाने परस्पर बदल केल्याने रॅव्हेल संतापले आणि दोघांत कटुता आली. जसे लिहिले तसे वाजवणारे झाक फेव्रिए हे वादक त्यांना १९३७ मध्ये मिळाले. त्याच वर्षाअखेरीस रॅव्हेल गेले. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर ज्यू वंशाच्या विट्गेनश्टाइन यांना वतन सोडून अमेरिका गाठावी लागली.

दोघांचे अखेरपर्यंत जुळले नाही. पण युद्धात समोरासमोरच्या फौजांत असलेल्या या दोघांची ही रचना आज दोन्ही हात शाबूत असलेले वादकही एकाच हाताने वाजवतात.