लम्पीवर औषध का नाही? गाईगुरांवर औषधाची चाचणी कशी होते ते समजून घेऊया

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पीची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता ती राज्यभर पसरली. गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची वाहतूक थांबली. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातले दूधवाले चाचा रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन माझ्याकडे यायचे. "मास्टरसाब, हे जरा वाचून सांगा, या इंजेक्शनने लम्पी तीन दिवसांत जातो म्हणे." शेवटी त्यांनी एका फिरत्या माणसाकडून ते इंजेक्शन घेतलंच. आजारी गाय वाचली, तिचं वासरू गेलं. गाय इंजेक्शनमुळे वाचली असं चाचा आजही सांगतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे, पण गाय औषधाने वाचली की आपोआप, हे ठरवायचं कसं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. लम्पी हा देवीच्या कुळातल्या विषाणूमुळे होणारा रोग आहे. शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे त्याचे जवळचे नातेवाईक. १९२९ मध्ये आजच्या झांबिया देशात त्याची पहिली नोंद झाली आणि भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड तो पसरवतात. गाईबैलांना जास्त होतो, म्हशींना कमी. माणसाला होत नाही. बकऱ्यांचं काय, असं ईदच्या आधी बरेच जण विचारतात. गाईंचा लम्पी बकऱ्यांमध्ये साथ म्हणून पसरत नाही, त्यांची देवी वेगळी.

आता मुख्य मुद्दा. लम्पीच्या विषाणूला मारणारं, गाईंसाठी मंजूर झालेलं एकही औषध आजमितीला नाही. डॉक्टर देतात ते तापाचं आणि सुजेचं औषध, जखमा चिघळू नयेत म्हणून अँटिबायोटिक आणि अंगात ताकद राहावी म्हणून सलाईन किंवा जीवनसत्त्वं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला नाही. हा सगळा इलाज लक्षणांचा आहे. तो गरजेचा आहेच, पण त्याला "लम्पीची दवा" म्हणणं बरोबर नाही.

मग इतक्या लोकांना गुण येतो तो कसा? इथे साधा हिशोब आहे. लम्पी झालेल्या जनावरांत मृत्यूचं प्रमाण सहसा शंभरात दहापेक्षा कमी असतं. वासरांत आणि अशक्त जनावरांत ते जास्त. म्हणजे शंभर आजारी गाईंपैकी नव्वदहून जास्त गाई काहीही न देता उभ्या राहतात. अशा रोगात तुम्ही साखरेचं पाणी टोचलं तरी दहातल्या नऊ जणांना वाटेल की दवा लागू पडली. म्हणून खऱ्या चाचणीत दोन गट करावे लागतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधाचं इंजेक्शन. कोणती गाय कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. आणि गाठी मोजणाऱ्या डॉक्टरला गट माहीत असता कामा नये, नाहीतर औषध दिलेल्या गाईच्या गाठी त्याला नकळत लहान दिसतात.

साथीत गावोगाव गेलेला विड्याची पानं, मिरे, मीठ आणि गुळाचा खायला द्यायचा लगदा याच कसोटीवर बघायला हवा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही त्याचा प्रचार केला होता. तो स्वस्त आहे, घरात करता येतो, गाय खायला लागते असा अनेकांचा अनुभव आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण विषाणू त्याने मरतो असं म्हणायचं असेल, तर दोन गटांची परीक्षा त्यालाही द्यावीच लागेल.

आता आयव्हरमेक्टिनची गोष्ट, कारण फिरत्या माणसाच्या पिशवीत बहुधा तेच असतं. हे जंत, गोचीड, उवा यांवरचं औषध. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये ते लम्पीच्या विषाणूची वाढ कमी करतं, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. खबर खरी आहे. पण ती भांड्यातल्या पेशींची खबर आहे, गोठ्यातल्या गाईची नाही.

फरक कुठे पडतो? भांड्यात औषध हवं तेवढं दाट करता येतं. गाईच्या रक्तात तेवढं दाट औषध न्यायचं तर मात्रा इतकी वाढवावी लागते की विषबाधा व्हायची. करोनात आपण हेच पाहिलं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत आयव्हरमेक्टिनने पेशींमधला करोना विषाणू जवळजवळ संपवला. पण तिथे वापरलेलं प्रमाण माणसाच्या रक्तात नेहमीच्या गोळीने पोहोचतं त्यापेक्षा कित्येक पट जास्त होतं. पुढे माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि फायदा दिसला नाही. तोवर लाखो गोळ्या खपल्या होत्या!

आणखी एक घोळ आहे. आयव्हरमेक्टिनने गोचीड कमी होतात, जखमेत पडलेल्या अळ्या मरतात. त्यामुळे लम्पीच्या गाईला खरोखर आराम पडू शकतो आणि डॉक्टर त्यासाठीच ते देतात. पण तो आराम विषाणू मेल्याचा पुरावा ठरत नाही.

मग गाईंवर सरळ चाचणी का करत नाहीत? करतात, पण ती कठीण आहे. गाईला विषाणू टोचून आजारी पाडायचं तर माशी आत-बाहेर जाणार नाही असा बंदिस्त गोठा लागतो. इंग्लंडमधली पिरब्राइट संस्था किंवा आपल्या भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा, अशा मोजक्या जागा आहेत. शिवाय लम्पीचा विषाणू टोचलेल्या गाईंपैकी साधारण अर्ध्यांच्याच अंगावर गाठी उठतात. म्हणजे सहा गाईंना औषध दिलं आणि तिघींना गाठी आल्या नाहीत, तर त्यात औषधाचा वाटा किती? काहीच सांगता येत नाही. जास्त गाई घ्याव्यात तर खर्च वाढतो, आणि मुक्या जनावराला मुद्दाम आजारी पाडायचं म्हणून संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीला प्रत्येक गाईचा हिशोब द्यावा लागतो. तो द्यावा लागतो हे बरंच आहे.

लाळ्या-खुरकुतावर हे काम जास्त पुढे गेलंय. लस दिल्यावर संरक्षण तयार व्हायला आठवडाभर लागतो, ते दिवस औषधाने सांभाळावेत अशी कल्पना. जपानमध्ये फ्लूवरच्या फॅविपिराविरच्या जवळचं टी-११०५ नावाचं रसायन तयार झालं. ते खाद्यातून दिल्यावर डुकरांमध्ये लाळ्या-खुरकुताला चांगला अटकाव झाला. चाचणी डुकरांवर, कारण त्यांना हा रोग होतो, ती आकाराने लहान असतात आणि त्यांच्या श्वासातून विषाणू फार बाहेर पडतो. पण औषधाची मात्रा वजनावर ठरते. चारशे किलोच्या गाईला रोज तेवढं औषध द्यायचं म्हटलं तर गाईच्या किमतीशीच स्पर्धा व्हायची. अमेरिकेत इंटरफेरॉन या शरीरातल्या संरक्षक प्रथिनाचा प्रयोग झाला. ज्या प्रकाराने डुकरं वाचली, तोच गाईंमध्ये कमी पडला. गाईंसाठी इंटरफेरॉनचा दुसरा प्रकार शोधावा लागला. एका जनावरातलं यश दुसऱ्यात तसंच्या तसं उतरत नाही, ते असं.

माणसांची औषधं गाईंना द्यावीत का, हाही प्रश्न येतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये फक्त माणसांसाठी राखून ठेवलेल्या औषधांची यादी केली. त्यात फॅविपिराविर, रिबाव्हायरिन, अमँटाडिन अशी विषाणूंवरची औषधंही आहेत. जनावरांत वाट्टेल तशी वापरली तर विषाणू त्यांना सरावतात आणि मग माणसाला गरज पडेल तेव्हा ती निकामी ठरतात.

आणि शेवटची परीक्षा आपल्या स्वयंपाकघराची. औषधाचा अंश दुधात, मटणात किती दिवस राहतो हे कळल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. आयव्हरमेक्टिन चरबीत साठतं आणि दुधात उतरतं, म्हणून अनेक देशांत दुभत्या गाईला त्याचं इंजेक्शन द्यायला परवानगी नाही. मांसासाठी अमेरिकेतल्या लेबलवर गाईगुरांना इंजेक्शननंतर ३५ दिवस थांबायला सांगितलं आहे. दूध उकळल्याने लम्पीची चिंता मिटते, औषधाच्या अंशाची नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. ते परिणाम कुणी आधी तपासलेच नव्हते.

सध्या हातात आहे ती लस. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना चालते, कारण विषाणू एकाच घराण्यातले, आणि राज्यात २०२२ पासून तीच टोचली गेली. हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी खास लम्पीची लम्पी-प्रोव्हॅकइंड ही लसही त्याच वर्षी तयार केली. लस निरोगी जनावराला, साथ येण्याआधी द्यायची. आजारी जनावर वेगळं बांधायचं, गोठ्यात माश्या-गोचीड होऊ द्यायचे नाहीत, आणि खबर पशुवैद्यकीय दवाखान्याला द्यायची. २०२२ च्या साथीत लम्पीने मेलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये सरकारी मदत होती. ती पंचनामा झालेल्यांनाच मिळाली. चाचांच्या वासराची नोंदच झाली नव्हती, कारण इंजेक्शनवाल्याने त्यांना दवाखान्यात जायची गरज नाही असं सांगितलं होतं.

पुन्हा कुणी बाटली घेऊन दारात आला तर त्याला तीन गोष्टी विचारा. लेबलवर औषधाचं नाव काय? हे लम्पीसाठी मंजूर आहे का? टोचल्यावर दूध किती दिवस फेकायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला गोठ्यात घेऊ नका.