लखनौचं कॉलेज, कोलंबोची ऑडिशन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी आवृत्ती.

म्युझिक कॉलेजात परदेशी विद्यार्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बॉस्टन नाहीतर व्हिएन्ना येतं. बर्फ, जाड कोट, पाठीवर व्हायोलिन आणि व्हॉट्सॲपवर आईचा मेसेज, "जेवलास का?" आजची गोष्ट उलटी आहे. कॉलेज आपल्याकडचं, लखनौचं. ते उभं करण्यात आणि चालवण्यात पुढे होती मराठी माणसं. आणि परदेशी विद्यार्थी होते श्रीलंकेचे, म्हणजे तेव्हाच्या सिलोनचे.

आधी कॉलेजबद्दल. पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरचे, शिक्षणाने वकील. त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडच्या बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने लखनौत मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक सुरू झालं. नाव तिथल्या इंग्रज गव्हर्नरचं, अभ्यासक्रम भातखंड्यांचा. पुढे कॉलेजलाही त्यांचंच नाव मिळालं.

यात एवढं विशेष काय? तर त्याआधी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, गंडा बांधायचा आणि उस्तादांची मर्जी सांभाळायची. वर्षानुवर्षं सेवा केल्यावर एखादी चीज पदरात पडली तर पडली. घराण्याबाहेरच्या माणसाला तिथे शिरणं अवघड, मग समुद्रापलीकडून आलेल्याची काय कथा! भातखंड्यांनी वर्ग, इयत्ता, पुस्तकं आणि परीक्षा आणल्या. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: जे ज्ञान फक्त सीनियर लोकांच्या डोक्यात होतं, त्याचं कोणीतरी पहिल्यांदा नीट डॉक्युमेंटेशन केलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्या सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणा कळल्या की कोलंबोचा मुलगाही बंदिशीचा सांगाडा वाचू शकतो.

तरी रुळणं सोपं नव्हतंच. त्या काळी सिलोनहून यायचा नेहमीचा रस्ता म्हणजे तलैमन्नारहून बोटीने धनुष्कोडी, मग रेल्वेने मद्रास आणि तिथून आणखी उत्तरेला. सिंहली भाषा नात्याने मराठी-हिंदीची बहीण, पण लिपी वेगळी. म्हणजे स्वरलिपीच्या आधी देवनागरी गिरवायची. आणि जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या माणसाला लखनौची हाडं गोठवणारी थंडी!

मुख्य अध्यापक होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, म्हणजे अण्णासाहेब. हेही मुंबईचे. भातखंड्यांचे शिष्य, शिवाय बडोद्यात फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेले. नियम कॉलेजचे असले तरी गुरूचं घर त्यांनी सोडलं नव्हतं. पुढे मोठे गायक झालेले के. जी. गिंडे बेळगावजवळच्या बैलहोंगलहून अकराव्या वर्षी त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या घरी राहून शिकले.

आता आपला पहिला पाहुणा. डॉन जोसेफ जॉन, जन्म १९१५, कॅथलिक घरातला. आधी शांतिनिकेतन, मग लखनौ. १९४४ साली विशारद होऊन तो मायदेशी परतला आणि 'सुनील सांत' या नावाने गाऊ लागला. पोर्तुगीज-इंग्रज वळणाचं नाव मागे पडलं. पण त्याने सिलोनमध्ये राग-ख्याल जसाच्या तसा नेला नाही. 'ओलू पिपीला'सारखी साधी, स्वच्छ सिंहली गाणी केली. परक्या चालींवर सिंहली शब्द बसवायची तिथे सवय झाली होती. त्याला आपल्या भाषेच्या उच्चारातून निघणारी चाल हवी होती. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

आणि मग आलं १९५२. याच वर्षी रेडिओ सिलोनच्या हिंदी विभागात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, ती आपल्या आजी-आजोबांना पाठ असेल. त्याच रेडिओने सिंहली कलाकारांची ऑडिशन घेऊन त्यांना श्रेणी द्यायचं ठरवलं. परीक्षक म्हणून भारतातून कोणाला बोलावलं? अण्णासाहेब रातंजनकरांना. सुनील सांत ज्या कॉलेजातून विशारद झाला, त्याच कॉलेजच्या मुख्याध्यापकांना!

सुनील सांतने ऑडिशन द्यायला नकार दिला. सिंहली गाणं हिंदुस्थानी रागसंगीताच्या मापाने मोजणं त्याला मान्य नव्हतं. किंमत मोठी होती. त्या काळी गायकाला रेडिओ म्हणजे सर्वस्व, आणि तोच सुटला. १९५६ साली लेस्टर जेम्स पेरिस यांच्या 'रेखाव' चित्रपटाच्या गाण्यांना त्याने संगीत दिलं, पण रेडिओवरचं ते ऐन बहरातलं पर्व तिथेच तुटलं.

दुसरा पाहुणा अल्बर्ट परेरा, म्हणजे पुढचे अमरदेव. जन्म १९२७. तेही पन्नाशीच्या दशकात लखनौत शिकले, व्हायोलिन शिकले ते पंडित व्ही. जी. जोग यांच्याकडे. हेही मराठी, हेही अण्णासाहेबांचे शिष्य. अमरदेवांनी ती तालीम आणि सिंहली लोकगीतं एकत्र विणली. पुढे मालदीवच्या राष्ट्रगीताची चाल त्यांनी केली, २००१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि भारताने पद्मश्री दिली.

दोघांपैकी बरोबर कोण, असं विचाराल तर मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. एकाने शिकलेलं वापरलं, दुसऱ्याने शिकूनही आपली वाट धरली. आणि नाही म्हणायचा अधिकार त्याला होता, कारण तो ती परीक्षा आधीच पास झालेला होता. न शिकता नाकारणं सोपं असतं. त्याने शिकून नाकारलं.

आपल्यासाठी यात एक टोचणी आहे. ज्या पद्धतीने परक्या मुलांना दार उघडून दिलं, तीच पद्धत पंचवीस-एक वर्षांत त्यांच्याच देशात फूटपट्टी होऊन पोचली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. अण्णासाहेब आमंत्रणावरून गेले होते, आणि अभ्यासक्रम तर उदारपणेच लिहिला होता. पण स्टँडर्ड म्हटलं की असं होतं. ज्याचं स्टँडर्ड असतं, त्याला ते नुसतं 'बरोबर' वाटतं. बाकीच्यांना त्यात बसावं लागतं.

आज आपली मुलं बाहेर शिकायला जातात, तेव्हा खोली, जेवण, थंडी, भाषा यात रुळायला वर्षभर जातं. ते होतंच. त्यानंतरचा प्रश्न मात्र डिग्री हातात आल्यावर सुरू होतो: हे सगळं घेऊन आता माझं गाणं कोणतं? सुनील सांत आणि अमरदेव यांनी त्याची दोन उत्तरं दिली, आणि दोन्ही श्रीलंकेत आजही गायली जातात.

या आठवड्यात एवढंच करा. हेडफोन लावा, आधी 'ओलू पिपीला' ऐका, मग अमरदेवांचं कुठलंही गाणं. शब्द कळणार नाहीत, हरकत नाही. दोघांत लखनौ कुठे ऐकू येतं आणि कुठे मुद्दाम पुसलंय, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!