लघुआकारी संगणकातील घटकबदल आणि सामायिक मापांचा इतिहास

संगणकाची पेटी लहान झाली की तिच्यातील भाग बदलण्याची मुभा संपते, हा समज इतिहासाच्या कसोटीवर पूर्णतः टिकत नाही. तैवानमधील शटल कंपनीच्या 2001 पासूनच्या छोटेखानी संगणकांत मदरबोर्ड व पॉवर सप्लाय बहुधा कंपनीच्याच खास मापांचे असत; साहजिकच पुढील सुधारणेसाठी ग्राहक तिच्यावरच अवलंबून राही. त्याच वर्षी तैवानच्याच व्हीआयए कंपनीने 17×17 सेंटिमीटरचे मिनी-आयटीएक्स हे माप मांडले. मूळ हेतू कमी विजेवर चालणाऱ्या संगणकांचा होता, खेळांचा नव्हे. मात्र स्क्रूची छिद्रे इंटेलच्या 1995 च्या एटीएक्स मापाशी जुळती ठेवली गेली, ही बाब निर्णायक म्हणावी लागेल. त्यामुळे एका उत्पादकाचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बसू लागला. पुढे त्यावर पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट आला आणि संगणकावर खेळणाऱ्यांनी हे माप आपलेसे केले.

ग्राफिक्स कार्डाच्या जाडीला मात्र व्यवहारात असे बंधन उरले नाही. एनव्हिडियाचे 2022 मधील आरटीएक्स 4090 हे कार्ड 304 मिलिमीटर लांब, तीन स्लॉटची जागा व्यापणारे आणि 450 वॅटचे होते. अशा वेळी केवळ कार्ड बदलून भागत नाही. पॉवर सप्लाय आणि प्रसंगी पेटीही बदलावी लागते.