दिगबोई नांवाची दंतकथा

आसामांतील दिगबोई येथील शताब्दी संग्रहालय पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. ज्या विहिरीमुळें हें गांव प्रसिद्धीस आलें ती तेथेंच जतन केलेली आहे. आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनीनें ती १८८९ च्या सप्टेंबरांत खणावयास घेतली व १८९० च्या नोव्हेंबरांत ६६२ फूट खोलीवर पुरी केली. पुढें १९०१ सालीं येथें तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला.

या स्थळासंबंधीं सर्वतोमुखीं असलेली कथा अशी : लोहमार्गाच्या कामावरील हत्तींच्या पायांस काळें तेल लागलेलें दिसलें, तेव्हां इंग्रज अभियंता मजुरास ‘डिग, बॉय, डिग’, म्हणजे ‘खण, पोरा, खण’, असें ओरडला व त्यावरून गांवाचें नांव पडलें. ही कथा आम्हीहि अनेक वर्षें वर्गांत रंगवून सांगितली आहे. तेव्हां तिची परीक्षा करणें आमच्याकडे ऋणच लागतें.

कथेचे भाग दोन. हत्ती व नांव. त्यांतील हत्तीची गोष्ट असंभवनीय नाहीं, कारण त्या प्रदेशांत तेल आपोआप पृष्ठभागावर झिरपतें. परंतु शोधाचें श्रेय हत्तीस देतां येत नाहीं. लेफ्टनंट विल्कॉक्स यानें १८२५ सालींच बुढी दिहिंग नदीच्या कांठीं तेल पाहिलें होतें. व १८६७ च्या मार्चमध्यें गुडइनफ यास माकुमजवळ ११८ फुटांवर तेल लागलें. म्हणजे दिगबोईच्या विहिरीपूर्वीं बावीस वर्षें!

आतां नांव. दिमासा भाषेंत ‘दि’ म्हणजे पाणी. दिहिंग, दिब्रू, दिखौ, दिसांग हीं त्या प्रांतींचीं नदीनामें पाहतां दिगबोईचें आद्याक्षर त्याच कुळांतील असावें असें वाटतें. आपल्याकडील ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश खरा, पण तेथें वस्तूच परकीयांबरोबर आली. भूमि व ओढे कांहीं त्यांच्याबरोबर आले नाहींत.

तथापि हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. १८८९ पूर्वींच्या एखाद्या नकाशांत वा पत्रांत हें नांव आढळल्यास दंतकथेचा निकाल एका ओळींत लागेल. ज्यांच्या संग्रहीं आसामच्या मोजणीचे जुने कागद असतील त्यांनीं ते एकवार उलगडून पाहावे, अशी आमची विनंति आहे. निर्णय आमच्या विरुद्ध गेला तरी आम्हांस आनंदच होईल. वर्गांत सांगितलेली गोष्ट खरी ठरली, एवढें तरी समाधान लाभेल.