क्यासनूरच्या जंगलातली मेलेली माकडं

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका तापाबद्दल बोलणार आहे. सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात, कानडी मुलखात मंगन कायिले. आमच्या दोडामार्गच्या घरापर्यंत तो पोचला म्हणून मी त्याचा इतिहास शोधायला लागलो.

1957 सालचा मार्च. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. तिथल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडत होती, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं तापाने फणफणत होती. डोकं ठणकायचं, अंग मोडून यायचं, काहींच्या नाकातोंडातून रक्त यायचं.

या बातम्या पुण्याला पोचल्या. तिथे 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढलं होतं. तीच आजची एनआयव्ही. कोरोनाच्या काळात तिचं नाव घरोघरी गेलं. आधी माकडं मरतात आणि मग माणसं, हे ऐकून तिथल्या लोकांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. हा रोग आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, आशियात त्याने कधी बस्तान बसवलेलं नाही. पण तो पसरवणारा डास आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेला जाताना आमच्या दंडावर जी लस टोचली, तिचं पिवळं पुस्तक परतताना विमानतळावर इतकं निरखून का पाहिलं, ते मला हे वाचल्यावर नीट कळलं.

केंद्राचे संचालक टेलफोर्ड वर्क आणि त्यांची माणसं जंगलात गेली. पीतज्वर नव्हता. आजारी माकडातून जो विषाणू मिळाला, तो रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. पसरवणारा डास नव्हता, गोचीड होती.

मग प्रश्न पडला, सैबेरियाकडचा नातेवाईक मलनाडात आला कसा? एक उत्तर होतं, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, 1959च्या सुमारास, सालिम अलींच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्ष्यांना वाळी घालण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. आपल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंच काही या तापामुळे कळलं. पुढे त्या कामात अमेरिकी सैन्याचा पैसा आला, आणि 1970च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर बोट ठेवलं. हा जंतुयुद्धाचा अभ्यास तर नाही ना, असा संशय होता. मी गणवेशात आयुष्य काढलं आहे, त्या संशयाला हसणार नाही. शीतयुद्धाचे दिवस होते. पण सगळे आभाळाकडे बघत राहिले आणि उत्तर जमिनीवर होतं, एवढं मात्र मला वाटतं.

ते जमिनीवरचं उत्तर मांडणाऱ्यांत होर्हे बोशेल हे कोलंबियाचे शास्त्रज्ञ होते. जंगलात उंच झाड पाडलं की शेंड्यावरचे पीतज्वराचे डास खाली लाकूडतोड्यांभोवती येतात, हे त्यांनी आपल्या देशात पाहिलं होतं. मलनाडात त्यांना दिसलं की वस्ती वाढली, भातखाचरं आणि बागा जंगलात घुसल्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुरं जंगलात चरायला लागली. मोठ्या झालेल्या गोचिडीला रक्तासाठी मोठं जनावर लागतं. ते आयतं मिळालं आणि गोचिडी वाढल्या. विषाणू बहुधा खारी-उंदरांत आणि गोचिडींत आधीपासून गुपचूप होताच. माकड त्याने मरतं, मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली उतरतात, आणि त्या जागी पाय ठेवणारा माणूस सापडतो. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही.

1982-83 मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळ्तंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं, आणि त्या साथीत हजाराहून जास्त लोक आजारी पडले. मग हा ताप 2012 नंतर बंदिपूरला, वायनाडला, 2015 साली गोव्यात सत्तरीला आणि 2016 साली दोडामार्गात दिसला. नकाशा काढा, सगळी सह्याद्रीची रांग आहे.

आमच्याकडे काजूच्या बिया वेचायचा हंगाम फेब्रुवारी ते मे. गोचिडीची बारकी पिल्लं, डोळ्यालाही नीट न दिसणारी, त्याच दिवसांत सगळ्यात जास्त. माझ्या चुलत भावाच्या बागेत बेणणीला येणारी एक बाई त्या वर्षी आजारी पडली. डेंग्यू म्हणून, मग टायफॉइड म्हणून औषधं चालली. रक्त तपासायला गेलं तेव्हा दहा-बारा दिवस निघून गेले होते. ती वाचली. भाऊ सांगत होता, त्याआधी बागेच्या कडेला एक वानर मरून पडलं होतं, त्याने स्वतःच फावड्याने पुरलं. कळवलं का नाहीस, विचारलं तर म्हणाला, “दादा, माकड मेला म्हणान फोन कोणाक करूचो?”

मी चिडलो, पण त्याचा प्रश्न बरोबर होता. मेलेलं माकड ही या रोगात सगळ्यात आधी मिळणारी खबर आहे. ती वेळेवर पोचली तर त्या जागेभोवती पन्नास फुटांत कीटकनाशक मारता येतं आणि गावाला सावध करता येतं. सैन्यात आम्ही पुढच्या चौकीवरच्या जवानाला सगळ्यात आधी हेच शिकवतो, खबर कोणाला द्यायची. इथे ते काजूवाल्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

लशीची गोष्ट दुःखाची आहे. सुरुवातीला रशियन आजाराची लस वापरून पाहिली, तिने काम केलं नाही. 1990 पासून कर्नाटकात आपली लस देत होते. दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी पुन्हा. टोचली की दुखायची, लोक टाळायचे. 2018-19 मध्ये सागर तालुक्यात अरळगोडूला माणसं गेली. त्या लशीचा जोर पुरेसा नाही म्हणून 2022 साली ती थांबवली. पासष्ट वर्षांनी रोग तसाच आणि हातात लस नाही. नवीन लशीचं काम सुरू आहे.

तोवर अंगाला लावायचं तेल आहे. डेपा नावाचं, ग्वाल्हेरच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने सैनिकांसाठी शोधलेलं. कर्नाटकात आता ते जंगलाजवळच्या गावांना वाटतात.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा भावाच्या पडवीत आरोग्य केंद्राचा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर खडूने लिहिला. वहिनींनी गोठ्यात जंगलातला पातेरा अंथरायचा बंद केला आहे. बागेतून आलं की कामाच्या बायकांसाठी न्हाणीघरात कढत पाण्याचा हंडा तयार असतो, कपडे थेट उकळत्या पाण्यात. तेलाची बाटली दाराशी टांगली आहे. भाऊ अजून ते लावायला कुरकुरतो, वास आवडत नाही म्हणतो.