हत्तीचा दाह आणि प्राचीन गजव्यवस्था

कौटिल्याच्या नावावर असलेल्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथात हस्त्यध्यक्षाची, म्हणजे राजाच्या हत्तींवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना दिवसाच्या आठ भागांपैकी पहिला आणि सातवा भाग हत्तींच्या स्नानासाठी राखून ठेवला आहे, तर हत्तीशाळा हत्तीच्या लांबीच्या दुप्पट उंच, रुंद आणि लांब असावी, असे सांगितले आहे. हे केवळ राजवैभव नव्हते. याच ग्रंथाच्या नवव्या अधिकरणात, मोहिमेचा काळ ठरवताना, हत्तीचा घाम आतल्या आत राहतो आणि पाण्यात डुंबायला व प्यायला न मिळाल्यास तो रोगी व अंध होतो, असे म्हटले आहे. म्हणूनच उष्ण ऋतूत गजदल जपून वापरावे, असा निष्कर्ष निघतो.

यातील रोगनिदान आज कोणी मानणार नाही, पण मूळ निरीक्षण नेमके आहे. हत्तीला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या पातळ कानांमागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, उकाड्यात त्या रुंदावतात आणि कान हलल्याने तेथील रक्त थंड होऊन शरीरात परतते. 1992 साली अवरक्त चित्रणाने, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, आफ्रिकी हत्तींचा अभ्यास झाला, तेव्हा उष्णता बाहेर टाकण्यातील कानांचा मोठा वाटा स्पष्ट झाला. भारतीय हत्तीचे कान आफ्रिकी हत्तीपेक्षा लहान असतात, त्यामुळे येथील गजशाळांना पाणी आणि सावली यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागली.